आडवी गाडी, सरळ गोष्ट

ड्रिफ्टिंगने वेळ वाचत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजच्या टायरांवर, कोरड्या डांबरी रस्त्यावर, जी गाडी पकड न सोडता मुकाट्याने वळण घेते तीच आधी पोचते. धूर काढत आडवी होऊन जाणारी मागाहून येते आणि तरीही लोक बघतात ते तिच्याकडेच. मातीच्या आणि बर्फाच्या रस्त्यांवरच्या रॅलीवाल्यांची गोष्ट निराळी, त्यांना आडवं होण्यावाचून इलाज नसतो. बाकी ठिकाणी हा निव्वळ षोक. जपानमध्ये १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू ट्रॅकवरच्या वळणांत गाडी अशी फेकत. त्यांचं बघून केइची त्सुचिया नावाचा तरुण डोंगरातल्या नागमोडी रस्त्यांवर रात्री-अपरात्री तेच गिरवू लागला. १९८७ साली त्याच्या या करामतींची 'प्लस्पी' नावाची व्हिडिओ फीत निघाली आणि पुढे जग त्याला 'ड्रिफ्ट किंग' म्हणू लागलं. त्याची लाडकी गाडी टोयोटाची एई८६ : दिसायला साधी, ताकदीला बेताची, पण जोर मागच्या चाकांत. १९९५ पासून शुइची शिगेनो यांच्या 'इनिशियल डी' या चित्रकथेत हीच गाडी घेऊन एक मुलगा पहाटे घाटातून तोफू पोचवतो, आणि जवळ ठेवलेल्या पेल्यातलं पाणी सांडू देत नाही. तोफूसारख्या निरुपद्रवी पदार्थाला एवढं नाट्य लाभलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ड्रिफ्टमध्ये होतं असं, की वळणात शिरताना मागच्या चाकांची पकड मुद्दाम तोडायची. हँडब्रेक ओढून तोडा, क्लचला लाथ घालून तोडा, नाहीतर गाडीत दम असेल तर नुसता ॲक्सिलरेटर दाबून तोडा. गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं. इथे घाबरून ब्रेक मारला की गाडी गिरकी घेऊन आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. तसं न करता स्टेअरिंग वळणाच्या उलट फिरवायचं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय सांभाळून तसाच ठेवायचा. मग गाडीचं नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे, पण पुढची चाकं मात्र जिकडे जायचंय नेमकी तिकडेच वळलेली. चांगला कीर्तनकारही असाच आख्यान सोडून कुठल्या कुठे जातो. सासू-सुनेचा किस्सा सांगतो, महागाईवर घसरतो, पेटीवाल्याची फिरकी घेतो, आणि 'आता हे बुवा परत कसे येणार' असं आपल्या मनात येतंय न येतंय तोच मूळ अभंगाच्या चरणावर येऊन उभा राहतो. त्याची पुढची चाकं सगळा वेळ अभंगाकडेच वळलेली असतात. म्हणून ड्रिफ्ट आणि गोष्ट या मला एकाच जातीच्या वस्तू वाटतात. दोन्हींत उशीर करायचा असतो, पण तो आपल्या ताब्यात ठेवून.

आता गंमत बघा. या दोन्ही वस्तू एकाच घरात वर्षानुवर्षं नांदवायच्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख म्हणून करून द्यायची नाही, हा पराक्रम एका गेम-मालिकेने केला आहे. तिचं नाव 'नीड फॉर स्पीड'.

पहिला भाग १९९४ साली ३डीओ नावाच्या यंत्रावर आला. मोटारींच्या 'रोड अँड ट्रॅक' या अमेरिकी मासिकाची त्याला मदत होती, त्यामुळे गाड्या कशा वागतात, कशा आवाज करतात याची काळजी फार. गोष्ट नव्हतीच. एक आगाऊ प्रतिस्पर्धी मधूनमधून पडद्यावर येऊन आपली टर उडवायचा, तेवढंच साहित्य. पुढचे काही भाग महागड्या गाड्या, सुंदर देखावे आणि मागे लागलेले पोलीस यांवर निभावले.

मग २००० साली 'पोर्शे अनलीश्ड' आला आणि त्यात 'फॅक्टरी ड्रायव्हर' नावाचा एक विभाग होता. माझ्या मते या मालिकेतली मराठी मध्यमवर्गाला पटेल अशी ही एकमेव कथा, कारण तिचा नायक नोकरी करतो. पोर्शे कंपनीत चाचणी-चालक म्हणून लागलेला माणूस. आज गाडी शंकूंमधून न धडकता काढून दाखव, उद्या अमुक ठिकाणी वेळेत पोचव, परवा इथे हँडब्रेकवर पूर्ण गिरकी मार. जमलं तर पुढचं काम, नाही जमलं तर पुन्हा तेच. सूड नाही, टोळी नाही, चोरी नाही. वरिष्ठ आहेत, काम आहे आणि बढतीची आशा आहे. गाडी आडवी करणं हा इथे कामाचा भाग होता, म्हणजे गिरकी नीट मारली तर कथा पुढे सरकायची. घसरणं आणि सांगणं एकत्र आलं ते असं, परीक्षेच्या निमित्ताने. ही वाट मालिकेने पुढे सोडून दिली. नोकरीत थरार नाही असं त्यांना वाटलं असावं. वार्षिक मूल्यमापनाला कधी सामोरे गेलेले दिसत नाहीत.

२००३ सालचा 'अंडरग्राउंड' हा खरा फाटा. दोन वर्षांपूर्वी 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा चित्रपट गाजून गेला होता आणि निऑनचे दिवे लावलेल्या जपानी गाड्यांनी फेरारी-लॅम्बोर्गिनींना बाजूला सारलं होतं. ऑलिम्पिक सिटी नावाच्या या गावात सूर्य उगवतच नाही आणि रस्ते कायम नुकताच पाऊस पडून गेल्यासारखे ओले. ड्रिफ्ट हा शर्यतीचा स्वतंत्र प्रकार म्हणून इथेच अवतरला. छोटा बंदिस्त ट्रॅक, जितकं लांब घसराल तितके गुण, भिंतीला लागलात की त्या घसरणीचे गुण बुडाले. तोपर्यंत रस्त्याला घट्ट धरून असलेली गाडी या अंगणात पाऊल टाकताच वेगळी होऊन जायची, हात लावताच सटकायची. म्हणजे ड्रिफ्टला वेगळा ट्रॅक, वेगळे नियम आणि बहुधा वेगळं गुरुत्वाकर्षणही. कथेलाही तसंच कुंपण. एडी नावाचा गुंड, समँथा नावाची मैत्रीण, आणि सगळ्यांच्या तोंडी धमक्या. धमक्या ऐकून झाल्या की शर्यत, शर्यत संपली की धमक्या.

महाराष्ट्रात हे सगळं पोचलं ते सायबर कॅफेतून आणि कुणाच्या तरी चुलतभावाने 'राइट' करून दिलेल्या सीडीवरून. कंट्रोलर कुणाकडे नव्हता, सगळी भिस्त कीबोर्डवर. आता बाणाच्या कळेला मधलं काही कळत नाही. दाबली की स्टेअरिंग पूर्ण वळलं, सोडली की पूर्ण सरळ. ड्रिफ्टला लागतं ते नेमकं मधलं, थोडं उलट, थोडं सुलट, किंचित कमी, किंचित जास्त. त्यावर इथल्या पोरांनी उपाय काढला तो कळेवर टिचक्या मारण्याचा. टक, टकटक, टक. तर्जनी आणि मधलं बोट यांचा तो ठेका ऐकून पलीकडच्या कंप्युटरवर रेल्वेचं आरक्षण करायला बसलेले काका चष्म्यावरून बघायचे. कॅफेत कोण ड्रिफ्टच्या शर्यतीत आहे आणि कोण साध्या, हे पडद्याकडे न बघता ओळखता येत असे. आणि स्पेसबार म्हणजे हँडब्रेक. त्या काळातल्या कीबोर्डांची स्पेसबार आधी का जायची हे मालकांना कळत नसे, आम्हाला कळत असे.

'अंडरग्राउंड २' २००४ साली आला. मोकळं फिरता येईल असं बेव्ह्यू शहर, डोंगर उतरत घसरत जायच्या शर्यती, आणि कथा चित्रकथेच्या चौकटींतून सांगितलेली. ही चौकटींची युक्ती मला आवडली होती. चित्रं हलत नव्हती, त्यामुळे पात्रांना अभिनय करावा लागत नव्हता, आणि या मालिकेत ते सगळ्यांच्याच हिताचं. नायक कुणाच्या टोळीत जायला नकार देतो, त्याच्या गाडीला मुद्दाम धडक दिली जाते, सहा महिन्यांनी तो नव्या गावी येतो आणि रेचेल नावाची बाई आपली निसान ३५०झेड त्याच्या हवाली करते. नव्या गावात कुणी आपल्याला पहिल्याच दिवशी गाडीची किल्ली देईल, ही कल्पना सगळ्या घसरण्यांपेक्षा अद्भुत होती.

इथून पुढे एक नियम पक्का झाला. रामायणात सीताहरण अरण्यकांडापर्यंत येत नाही, बालकांड आणि अयोध्याकांड निवांत पार पडतात. 'नीड फॉर स्पीड'मध्ये पहिल्या अर्ध्या तासात हरण उरकतं, आणि ते गाडीचं. कधी ठोकतात, कधी लबाडीने जिंकतात, कधी सरळ चोरून नेतात. मग तीस-चाळीस तास ती, किंवा तिच्या तोडीची, परत मिळवायची. लेखक बदलले, कंपनीतले स्टुडिओ बदलले, हरण काही बदललं नाही.

हरणाचं सगळ्यात उत्तम सादरीकरण २००५ सालच्या 'मोस्ट वाँटेड'चं. निळे-चंदेरी पट्टे असलेली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर आपल्याला सुरुवातीलाच मिळते, आपण तिच्या प्रेमात पडतो, आणि रेझर नावाच्या इसमाशी शर्यत लागते. त्याने गाडीत काहीतरी बिघाड करून ठेवलेला असतो. महत्त्वाचं हे की बिघाड होतो तेव्हा गाडी आपणच चालवत असतो. ॲक्सिलरेटर दाबलेला आहे आणि गाडी ऐकत नाही. आपल्या बोटांखाली ती मरते. त्यानंतर खरे नट येऊन खोट्या रस्त्यावर उभे राहून बोलतात, सार्जंट क्रॉस भुवया उडवतो, रेझर छाती काढतो, पण ते सगळं नंतरचं. घाव बोटांना आधीच बसलेला असतो. पंधरा जणांच्या 'ब्लॅकलिस्ट'च्या तळापासून वर चढत जायचं ते त्या एका सुस्तावलेल्या ॲक्सिलरेटरपायी. माझ्या ओळखीत असे सद्गृहस्थ आहेत, आता बँकेत मॅनेजर, ज्यांच्याकडे रेझरचा विषय काढला तर अजून आवाज चढतो.

आणि या भागात ड्रिफ्टची शर्यतच नव्हती. काढूनच टाकली होती! त्याऐवजी 'स्पीडब्रेकर' नावाचं एक बटण होतं. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरशी त्याचा संबंध नाही, याने मणका सलामत राहतो. बटण दाबलं की काळ मंदावतो, आवाज जड होतो आणि भरधाव गाडी झटकन आडवी करून पोलिसांच्या दोन गाड्यांमधल्या फटीतून काढता येते. घसरणं गेलं, पण घसरण्यातला उशीर त्यांनी ठेवला. शिवाय खरी गोष्ट सांगत होते ते वायरलेसवरचे पोलीस. आपली गाडी कोणती, कुठल्या रस्त्याला लागली, कुठे अडथळा लावायचा, कुठे खिळ्यांची पट्टी टाकायची, हे ते एकमेकांना सांगत असतात, आणि त्यांच्या आवाजात हळूहळू येणारा वैताग हाच आपला पुरस्कार. त्यांना ठाऊकही नसतं की आपण ऐकतोय. यापेक्षा चांगला निवेदक या मालिकेला पुढे मिळाला नाही.

बहुतेक जण 'मोस्ट वाँटेड'पाशीच हात जोडतात आणि २००६ सालच्या 'कार्बन'ला धाकटा, अर्धवट भाऊ समजतात. लहान आहे खरा. चटकन संपतो. तरी माझं मत 'कार्बन'ला.

कारण एक तर घाट. पामाँट शहराच्या भोवती डोंगर आहेत आणि निर्णायक सामने तिथे होतात. मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी दोन फेऱ्या. पहिलीत तो पुढे, आपण मागे, आणि त्याच्या जितकं जवळ राहू तितके गुण. दुसरीत आपण पुढे, तो मागे, आणि तो जवळ आला की आपली शिल्लक गळायला लागते. वेग दाखवायचा नाही, अंतर राखायचं. समोरच्याचे मागचे लाल दिवे वळणाआड जातात, पुन्हा दिसतात, पुन्हा जातात. शब्द एक नाही आणि तरी दोन माणसांत काय चाललंय ते लख्ख कळतं. दुसरं म्हणजे ड्रिफ्ट परत आला आणि अंगण सोडून घाटात शिरला. 'अंडरग्राउंड'मध्ये भिंतीला लागलं तर गुण जायचे, इथे कठडा तोडून गाडीच दरीत जायची. घसरण्याला पहिल्यांदा खाली काहीतरी मिळालं. गुणांचा आकडा वाढतोय, कठडा जवळ येतोय, सोडावं की धरावं. ज्याने लहानपणी एसटीच्या खिडकीतून वरंधा घाट पाहिला आहे त्याला कठड्याचं हे नाटक कुणी समजावून सांगायला नको. (खऱ्या घाटात असले प्रयोग करणाऱ्याला कथानायक म्हणत नाहीत, आरोपी म्हणतात, हेही सांगून ठेवलेलं बरं.)

आणि तिसरं, ज्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. 'कार्बन'ची कथासुद्धा आडवी चालते. पूर्वी एका रात्री एक मोठी शर्यत झाली, पोलिसांचा छापा पडला, पैसे गायब झाले आणि नायक गाव सोडून गेला. त्या रात्री नेमकं काय घडलं? एकेका टोळीला हरवत जावं तसतसं तिथलं एकेक माणूस आपल्याकडे येतं आणि त्या रात्रीचा आपल्या वाटचा तुकडा सांगतं. एकाने एवढंच पाहिलेलं, दुसरीने वेगळंच. आपण त्या रात्रीकडे सरळ जात नाही, कडेकडेने सरकत जातो. एखाद्या हुशार माणसाने हे ठरवून केलं की मुदत संपत आल्यामुळे झालं, कोण जाणे. पण घाटातला ड्रिफ्ट आणि तुकड्यातुकड्यांनी उलगडणारी रात्र या दोन गोष्टी एकाच खेळात आल्या हे खरं. मालिकेने स्वतःच हे पाहिलं नसावं, कारण पुढे त्यांनी पुन्हा तसं काही केलं नाही.

२००७ च्या 'प्रोस्ट्रीट'ने सगळ्यांना कायदेशीर ट्रॅकवर, भर उन्हात आणलं. ड्रिफ्टला कोन किती, वेग किती असे रीतसर गुण. २००८ च्या 'अंडरकव्हर'मध्ये मॅगी क्यू फार गंभीर चेहऱ्याने आपल्याला कामं सांगते. दोन्हींबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

२०१० साली 'क्रायटेरियन' स्टुडिओने 'हॉट पर्सूट' केला आणि कथा सरळ काढून टाकली. सीक्रेस्ट काउंटी नावाचा मुलूख, सुंदर रस्ते, पुढे चोर, मागे पोलीस. नावं नाहीत, भूतकाळ नाही, हरण नाही. ड्रिफ्ट एवढा सोपा की वळणात ब्रेकला नुसतं टेकवलं की गाडी आपली आपण आडवी होते, आणि आडवी झाली की बक्षीस म्हणून नायट्रोची टाकी भरू लागते. म्हणजे घसरल्याने वेग वाढतो! ताकाहाशी-त्सुचियांनी कपाळाला हात लावला असता. गोष्ट नसल्यामुळे गोष्टीचा कंटाळा नाही, तसा ड्रिफ्टही कठीण नसल्यामुळे त्याचं कौतुक नाही. खेळ उत्तम आहे, संध्याकाळी अर्धा तास बसावं असा. दुसऱ्या दिवशी कुणाला सांगण्यासारखं मात्र काही उरत नाही.

मग लंबक गेला थेट दुसऱ्या टोकाला. २०११ चा 'द रन'. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, अख्खी अमेरिका आडवी कापायची, बक्षीस अडीच कोटी डॉलर. सुरुवातीलाच जॅक रूर्क हा नायक भंगारातल्या गाडीत अडकलेला, गाडी दाबयंत्रात, आणि आपण कळा बडवून त्याला बाहेर काढायचं. पुढेही हा गृहस्थ अधूनमधून गाडीतून उतरून छपरांवरून धावतो, आणि पडद्यावर अक्षर उमटलं की आपण ती कळ दाबायची. शर्यतीच्या खेळात नायक पायी धावू लागला की समजावं, लेखकाला गाडीवर विश्वास राहिलेला नाही. रस्ते अप्रतिम होते, बर्फाच्या डोंगरातून, वाळवंटातून. पण घसरायला उसंत नव्हती. गोष्टीला घाई झाली होती.

२०१५ साली नाव पुन्हा नुसतं 'नीड फॉर स्पीड' झालं आणि या वेळी त्यांनी खरी माणसं आणली. केन ब्लॉक, मॅग्नस वॉकर, पोर्शेंना रुंद करून टाकणारे जपानी कारागीर अकिरा नाकाई, अशी मंडळी स्वतःच्याच भूमिकेत. प्रसंग चित्रित केलेले, आणि कॅमेरा म्हणजे आपण. आपल्याला आवाज नाही. समोरची पोरं आपल्या डोळ्यांत बघून बोलतात, हसतात, एनर्जी ड्रिंकचे डबे उघडतात, आणि आपण उत्तरादाखल मूठ पुढे करतो. मुठीवर मूठ. प्रसंग आनंदाचा असो, भांडणाचा असो, निरोपाचा असो, मूठ पुढे. माझी भाची तेव्हा लहान होती. तिने हा प्रकार थोडा वेळ पाहिला आणि विचारलं, "मामा, याला बोलता येत नाही का?" मी म्हटलं, "हा आपण आहोत." "मग आपल्याला बोलता येत नाही?" या प्रश्नावर मी मूठ पुढे केली.

पण याच भागात एक फार चांगली गोष्ट होती आणि ती ड्रिफ्टमध्ये होती. 'ड्रिफ्ट ट्रेन' नावाची शर्यत : चार-पाच गाड्यांनी एका ओळीत, एकमेकींना चिकटून घसरत जायचं. गुण मिळतात ते सोबत राहिल्याचे. पुढे पळालात तर शून्य, मागे राहिलात तर शून्य. त्या मुठी आपटणाऱ्या पोरांची मैत्री पाच मिनिटांच्या संवादांत पटत नव्हती, ती इथे एका वळणात पटायची. पुढच्या गाडीने जरा जास्त कोन घेतला की आपणही घेतो, तिची शेपूट हलली की आपला हात आपोआप हलतो. लेखकांनी हे बघितलं असतं तर निम्मे संवाद वाचले असते. शिवाय आपल्या गाडीने घसरावं की पकडून राहावं हे एका पट्टीवर सरकवून ठरवता येत होतं, ही लोकशाहीही इथलीच.

२०१७ च्या 'पेबॅक'ने गाड्यांना जाती नेमून दिल्या. शर्यतीची गाडी निराळी, ड्रिफ्टची निराळी, खडबडीत रस्त्याची निराळी. माणसंही तशीच वाटलेली : टायलरने शर्यती मारायच्या, जेसने पोलिसांना हुलकावण्या द्यायच्या, आणि ड्रिफ्ट मॅकच्या वाट्याला. ड्रिफ्टची गाडी घेऊन दुसऱ्या शर्यतीत जाता येत नाही. मॅक हा गमत्या आहे म्हणून आडवं जाण्याचं खातं त्याच्याकडे, हा हिशेब मला जरा लागला. आणि मग तो ट्रकवरच्या चोरीचा प्रसंग. भरधाव ट्रकमध्ये कोनिगसेग गाडी, तिच्यामागे आपण, जीव मुठीत धरून जवळ जातो, आणि नेमकी उडी मारायच्या क्षणी पडद्यावर काळ्या पट्ट्या येतात. आता चित्रपट सुरू. आपण आणून सोडायचं, पराक्रम त्यांनी करायचा. 'मोस्ट वाँटेड'ने पराभवसुद्धा आपल्या हातून घडवला होता. इथे विजयही परस्पर.

२०१९ च्या 'हीट'मध्ये पाम सिटीत दिवसा परवानगीच्या शर्यती आणि रात्री बिनपरवान्याच्या. ॲना आणि लुकस रिव्हेरा ही बहीण-भावंडं तिथे भेटतात, आणि ती बरी बोलतात. लुकसचं गॅरेज आहे, त्याला पोट आहे, काळजी आहे. ड्रिफ्ट मात्र आता ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून पुन्हा दाबल्यावर होतो. वळणात पाय उचलायचा, टेकवायचा. सुरुवातीला कित्येकांना वैताग आला. मला मजा वाटली. घाबरल्यावर माणूस ॲक्सिलरेटर सोडतोच, सावरल्यावर दाबतोच, त्यामुळे माझे ड्रिफ्ट भीतीपोटी आपोआप व्हायचे आणि बघणाऱ्याला ते कौशल्य वाटायचं.

आणि २०२२ चा 'अनबाउंड'. यात गाड्या खऱ्यासारख्या, माणसं रंगवलेल्या चित्रांसारखी, आणि गाडी आडवी झाली की चाकांतून निघणारा धूर हाताने काढलेल्या रेघांचा. माझ्या मते मालिकेच्या लेखकांना जे जमलं नाही ते चित्रकारांनी केलं. घसरताना गाडी बोलतेय असं पहिल्यांदा दिसलं. 'टेकओव्हर' नावाच्या शर्यतींत तर वेगापेक्षा ऐटीलाच गुण. कथेत मात्र तेच. सुरुवातीला तीन गाड्यांतून एक निवडायला सांगतात : जुनी डॉज चार्जर, लॅम्बोर्गिनी काउंटाश, निसान सिल्व्हिया. मी सिल्व्हिया घेतली. मागच्या चाकांवर चालणारी, ड्रिफ्टवाल्यांची जुनी आवडती. रंग निवडत मी बराच वेळ घालवला, मग चाकं, मग पाठीमागचा पंख. भाची आता कॉलेजात आहे. ती शेजारी बसून मोबाइल बघत होती. वर न बघता म्हणाली, "मामा, ती गाडी जाणारच आहे. उगाच जीव लावू नकोस."

गेली. यॅझ नावाच्या मैत्रिणीनेच नेली, रायडेल नावाच्या गॅरेजवाल्याकडच्या इतर गाड्यांसकट, आणि अर्थात कट-सीनमध्ये. माझे दोन्ही अंगठे कंट्रोलरवर होते आणि दोघांनाही काही काम नव्हतं. भाची म्हणाली, "स्किप कर." मी म्हटलं, "अगं, ही गोष्ट आहे." "गोष्ट नाही रे, सूचना आहे. आता तुला पैसे कमवायचेत, एवढंच सांगताहेत." पुढे ती म्हणाली की यॅझ गाडी कशी चालवते हे आपण आधीच्या शर्यतींत पाहिलं आहे, तर ती पळून जाताना वळणावर कशी जाते तेवढं तरी दाखवायचं. माणूस मैत्रिणीला फसवून जात असेल तर वळणावर त्याचा हात थोडा तरी चुकेलच ना.

हे त्या कंपनीत कुणाला सुचलं नाही, आणि ती मोबाइलवर रिल्स बघता बघता बोलून गेली.

पुढच्या भागात गाडी चोरीला जाणार हे मी धरूनच चाललो आहे. परंपरा आहे, मोडा असं म्हणणार नाही. मागणी एवढीच की चोर गाडी घेऊन पळेल तेव्हा त्याच्या मागे मला जाऊ द्या, माझ्या हातात जे काही असेल ते घेऊन, भंगारातली एई८६ का असेना. गाठता आलं नाही तरी चालेल, तसं तुम्ही ठरवलेलंच असेल. फक्त घाटाचा रस्ता द्या, काळ्या पट्ट्या आणू नका, आणि शेवटी मुठीवर मूठ आपटायला कुणी आलं तर त्याला आधी माझी गाडी कुठेय ते विचारू द्या.